धाकलूचा सहावा रकाना

कर्जतहून चौककडं येताना मोठ्या वळणाच्या अलीकडं करवंदे नावाचं गाव लागतं. तिथल्या थांब्यावर धाकलू ठोंबरे बसलेला दिसला, की एसटीची वाट पाहणाऱ्यानं सावध राहावं. एकदा पनवेलच्या कोर्टात तारखेला निघालेला एक गृहस्थ त्याच्या शेजारी टेकला. धाकलूनं सहज म्हणून विहिरीत पडलेल्या रेड्याची गोष्ट काढली. एक एसटी आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. तारीख हुकली. घरी बायकोनं तोंड सोडलं तेव्हा तो गृहस्थ म्हणाला, "तारीख पुढची मिळंल गं, पण रेडा वर कसा आला ते अर्ध्यात टाकून कसा येऊ?"

असा हा धाकलू. वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी पास, तेही अशा शाळेत की जिथले गुरुजी लावणीच्या दिवसांत पोरांना आपल्याच शेतावर न्यायचे आणि पाढे बांधावर म्हणून घ्यायचे. बोलण्याचा मात्र धबधबा. पण घरात त्याच्या गोष्टींना गिऱ्हाईक नव्हतं. बायको इंदूबाई म्हणायची, "अवो, ही रेड्याची गोष्ट तुमी माझ्या हळदीत सांगितली व्हती. आता माझ्या तेराव्याला सांगा, मधी नको." सून छाया कानात मोबाईलची बोंडं घालून भांडी घासायची.

उरला एक धाऊ. धाऊ म्हणजे धाकलूचा बाळपणचा सवंगडी, शेजारच्या दारचा. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एक म्हैस, थोडं भातशेत, भातानंतर त्यातच वाल. माणूस असा, की दिवसाला दहा शब्द बोलला तर अकराव्याला दम लागायचा. संध्याकाळी दोघं मारुतीच्या पारावर बसायचे. बोलायचं धाकलूनं आणि असायचं धाऊनं, अशी वाटणी साठ वर्षं चालत आली होती. त्यात काही खोट आहे असं धाकलूला कधी वाटलं नाही. वाटलं ते रिया आल्यावर.

रिया नेरळची. तिथल्या नव्या इमारतींपैकी एकीत पाचव्या मजल्यावर आईवडिलांबरोबर राहायची आणि विद्यापीठात भाषाविज्ञान शिकायची. एम.ए.चं शेवटचं वर्ष, त्यासाठी एक प्रबंध लिहायचा होता. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली चौदा गावं तिनं निवडली होती. प्रत्येक गावातून एक म्हातारं माणूस शोधायचं, त्याचं बोलणं यंत्रात भरायचं, आणि कुठल्या गावात कशाला काय म्हणतात त्याचा नकाशा काढायचा. जानेवारीत एका सकाळी ती स्कूटीवरून पारापाशी उतरली. ग्रामपंचायतीच्या शिपायानं तिला सांगितलं होतं, "अस्सल गावचा मानूस पायजे ना? मंग धाऊला धरा."

म्हणून ती सरळ धाऊसमोर बसली. पिशवीतून रेकॉर्डर काढला. त्याच्या तोंडाला वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून केसाळ टोपी घातलेली होती.

"हे मांजराचं पिल्लू कशाला आणलंस गं पोरी?" बाजूनं धाकलूनं विचारलं.

रिया हसली आणि तिनं छापील कागद काढला. त्यात रकाने होते. नाव, वय, जन्मगाव, शिक्षण, व्यवसाय. सहावा रकाना असा, की एक वर्षाहून जास्त काळ गावाबाहेर वास्तव्य केलं आहे का, किती वर्षं, कुठं. ती म्हणाली, "बाबा, हा सहावा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ज्यांनी गाव कधीच सोडलं नाही अशी माणसं मला हवीत. तुम्ही बाहेर राहिलात का कधी?"

धाऊनं पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढली. नाय, असं तो म्हणणार होता. पण त्याचं 'नाय' तोंडाशी यायलाही वेळ लागतो, खोल विहिरीतून पोहरा वर यावा तसा.

"बरं, आधी आवाज तपासू. काहीतरी बोला ना."

"काय बोलू?"

"काहीही बोला."

धाऊ विचार करू लागला. पिंपळावरून एक पान निघालं, खाली येऊन पोहोचलं, तरी धाऊ विचारच करत होता. धाकलूला दोन माणसांमधली शांतता म्हणजे दाराला न लावलेली कडी. त्याला ती बघवेना.

"अगं, त्याला काय इचारतीस? त्याच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हंजे कातळातनं पानी काढायचं. मला इचार!"

"पण आजोबा, तुम्ही बाहेर कुठं..."

"मी? हाडाचा इथला! रेशनकार्ड इथं, मत इथं, शेत इथं. जायचं कुठं?"

धाऊनं मान वर केली, एकदा धाकलूकडं बघितलं आणि परत अंगठ्याकडं बघू लागला.

खात्री म्हणून रियानं पुन्हा एकदा विचारलं. धाकलूनं पुन्हा तेच सांगितलं. तिनं सहाव्या रकान्यात गोल शून्य काढलं.

आता खरं काय ते सांगतो. धाकलू अकरा वर्षं मुलुंडला होता. विसाव्या वर्षी गेला, एकतिसाव्या वर्षी आला. मग तो धडधडीत खोटं बोलला का? आपल्याकडं एक रीत आहे. मुंबईला गेलेला माणूस 'चाकरीला गेला' म्हणतात, 'राहायला गेला' कुणी म्हणत नाही. तो लावणीला येतो, गणपतीला येतो, शिमग्याला येतो. त्याची चूल इथं, त्याची बायको इथं, त्याचं पान गावजेवणात इथंच मांडलं जातं. तीस वर्षं बाहेर काढून आलेला माणूसही छातीवर हात ठेवून म्हणेल, मी गाव कधी सोडलं नाही. धाकलूनं त्या दिवशी स्वतःची समजूत या रितीनं घातली. पण रियानं सोप्या मराठीत विचारलं होतं आणि त्याला सोप्या मराठीत कळलं होतं. शिवाय धाऊनं वर पाहिलं होतं. ते पाहणं त्याच्या मानेवर कुसळासारखं बसलं. दिसत नाही, काढता येत नाही, सदरा हलला की टोचतं.

बैठका सुरू झाल्या, नऊ झाल्या. धाकलूच्या पडवीत पंखा बंद करायचा, कोंबडी डालग्याखाली घालायची, छायाला भांडी थांबवायला सांगायची आणि मग मांजराच्या पिल्लासमोर धाकलूनं मोकळं सुटायचं. कुणीतरी आपलं बोलणं जपून घरी नेतंय, तिथं पुन्हा ऐकतंय, एक मिनिटाचं बोलणं उतरवायला तासभर घालतंय, याचं त्याला भलतंच अप्रूप. रेडा तर विहिरीतून दोनदा बाहेर आला.

पण निम्मं काम चित्रांचं असायचं. नाव सांगून विचारलं तर माणूस तेच नाव परत देतो, म्हणून रिया चित्र दाखवायची आणि गप्प बसायची. नांगर, सूप, खुरपं, उखळ. धाकलू एकाही चित्राला अडला नाही. एक-दोन वस्तू त्यानं जन्मात पाहिल्या नव्हत्या, त्यांनाही त्यानं नावं दिली.

"आजोबा, ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. आमच्या मॅडम सांगतात, तेसुद्धा उत्तरच असतं."

"ठाऊक नाय म्हनायला मी काय धाऊ हाय?" धाकलू म्हणाला आणि स्वतःच हसला. पडवीच्या पलीकडं धाऊ म्हशीला पेंढा टाकत होता. त्याला ते ऐकू गेलं असणार.

चौथ्या बैठकीला स्वयंपाकघर निघालं. लाटण्याचं चित्र आलं. धाकलू म्हणाला, "वेलण." केरसुणीचं आलं. म्हणाला, "सावरणी." बटाट्याचं आलं. "बटाका." तोंड डोक्याच्या पुढं धावलं. रियाची पेन्सिल थांबली.

"करवंद्यात असंच म्हणतात? सगळे?"

इथं गाडी थांबवायला हवी होती. पण पोरीचे डोळे असे लकाकले होते, की धाकलूला तो उजेड विझवायचं जीवावर आलं. "आमच्यात असंच म्हनतात," तो म्हणाला.

आत इंदूबाई भाकरी थापत होती. क्षणभर थापण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

हे शब्द आले होते मुलुंडहून, एका गुजराती शेठच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून. गाव समजत होतं की धाकलू कंपनीत आहे. लग्नही कंपनीवरच जमलं होतं. प्रत्यक्षात तो घरगडी होता. केर काढायचा, भाजी निवडायची, आणि तिथल्या स्वयंपाकी महाराजांनी शिकवल्यावर फुलके लाटायचे. त्यात कमीपणा काय, असं आज तुम्ही आम्ही म्हणू; पण शेतावरच्या घरातल्या तरण्या पोरानं दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटाव्यात, हे त्या काळी सांगायची सोय नव्हती. परत आल्यावर धाकलूनं चाळीस वर्षं चुलीकडं पाय केला नाही. हात ओळखतील, ही भीती.

हे सगळं एकट्या धाऊला ठाऊक होतं. एकदा नव्या तांदळाची गोणी घेऊन तो न कळवता मुलुंडला गेला. दार धाकलूनंच उघडलं. खांद्यावर पंचा, कोपरापर्यंत पीठ, हातात वेलण. धाऊनं गोणी खाली ठेवली. म्हणाला, "तांदूळ नवा हाय. पानी कमी घाल." उभ्यानं तांब्याभर पाणी प्याला आणि त्याच पावली माघारी फिरला. गावात लोकांनी विचारलं, धाकल्याची कंपनी कशी काय हाय? धाऊ म्हणाला, "मोठी हाय. तिसऱ्या माळ्यावर." पुढं आयुष्यभर त्या विषयावर त्यानं चकार शब्द काढला नाही. धाकलूजवळही नाही.

आणि त्या अकरा वर्षांत धाकलूचं शेत कुणी केलं? धाऊनंच. खोपोलीच्या एका कारखान्यात धाऊलाही बोलावणं आलं होतं, आतेभावानं शब्द टाकला होता. "दोन शेतं गळ्यात हायेत, कसा जाऊ?" असं म्हणून तो राहिला तो राहिलाच. गावातच राहिल्याबद्दल कुणी त्याला कधी हार घातला नाही. कोण घालणार? आपल्याकडं जाणाऱ्याचं कौतुक. राहणारा म्हणजे ज्याला जाता आलं नाही तो. आणि चौऱ्याहत्तर वर्षांत एकदाच, एक पोरगी स्कूटीवरून आली जिला राहिलेलाच माणूस हवा होता. तिला धाकलूनं आपल्या पडवीत नेऊन बसवलं.

हे धाकलूला एकदम असं उमगलं नाही. दुखऱ्या दाढेसारखं हळूहळू उमगत गेलं. एकदा रियानं लॅपटॉपवर नकाशा दाखवला. चौदा गावांचे चौदा ठिपके, तेरा हिरवे, करवंदे एकटंच तांबडं. "आजोबा, तुमच्या गावात आजूबाजूला नसलेले शब्द आहेत! घाटातून पूर्वी व्यापारी जायचे-यायचे, त्यांचा मुक्काम इथं पडत असेल, असं मी मांडतेय. मॅडम म्हणाल्या, यावर एक आख्खं प्रकरण लिही." नकाशावर चौकहून घाटाकडं जाणारा बाण होता. तो बाण खरा कुठून निघायला हवा, हे एकट्या धाकलूला ठाऊक होतं. त्यानं बाणाकडं बघितलं आणि रेड्याची गोष्ट काढली.

फेब्रुवारी संपता संपता रिया एक छापलेलं पान देऊन गेली. प्रबंधाच्या सुरुवातीला आभार मानतात, ते पान. धाकलूनं ते देवाच्या फळीवर ठेवलं. पण इंदूबाईनं संध्याकाळी अंगणात छायाच्या हातात दिलं. "वाच गं, काय लिवलंय म्हातार्‍याचं."

धाऊ तिथंच चहा घेत बसला होता. छायानं कानातली बोंडं काढली आणि शाळेतल्यासारखं वाचलं, "करवंदे येथील श्री. धाकलू राघो ठोंबरे, ज्यांनी उभ्या आयुष्यात आपलं गाव सोडलं नाही, त्यांच्या अस्सल बोलीवर हा प्रबंध उभा आहे."

कोंबडी डालग्याखाली फडफडली. छाया पानाकडं, मग सासऱ्याकडं बघू लागली. "मामंजी, तुमी तर मुलुंडला..."

आयुष्यात पहिल्यांदा धाकलूला पुढचं वाक्य सापडेना.

धाऊनं कपबशी खाली ठेवली. "लिवलंय ते बरोबर हाय," तो सावकाश म्हणाला. "त्याचं शेत कुठं हाललं व्हतं?"

एवढं बोलून तो उठला आणि म्हशीकडं गेला.

शिवी दिली असती तर धाकलूनं उलट चार दिल्या असत्या. टोमणा मारला असता तर हसून घालवला असता. पण धाऊनं त्याला पाठीशी घातलं. ज्याचं पान हिसकावलं त्यानंच पंगतीत वाढावं तसं. ते शेत हाललं नव्हतं, कारण धाऊ हालला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकलूनं धुतलेला सदरा घातला आणि दोन टमटमी बदलून नेरळ गाठलं.

रियाचं घर पाचव्या मजल्यावर. आई आत पोळ्या करत होती. धाकलू सोफ्याच्या कडेवर टेकला, जणू मागं कुणी निजलंय. बोलायचं ठरवून आला होता, पण जीभ रुळावर येईना. सवयीनं त्यानं रेड्याची गोष्ट सुरू केली. रेडा विहिरीत पडला आणि तिथंच राहिला.

"आजोबा, बरं नाही का?"

तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. "ताई, जरा ते द्या." रियाच्या आईनं बावरून लाटणं हातात दिलं. धाकलूनं गोळा घेतला, पिठात घोळला. चाळीस वर्षं लपवलेले हात, पण त्यांना वाट ठाऊक होती. पोळी आपोआप गरगर फिरत गेली, चंद्रासारखी गोल झाली, तव्यावर पडली, गॅसच्या आचेवर फुगून टम्म झाली.

"कुठं शिकलात हे?" रिया दारात उभी होती.

"मुलुंडला. अकरा वरसं व्हतो. शेठच्या घरी."

रियाला सगळं समजायला एक पोळी करपण्याइतका वेळ लागला. "वेलण?"

"तिथलं."

"सावरणी? बटाका?"

"शेठानी म्हनायच्या तसं."

ती तिथंच खुर्चीवर बसली. "मी तुम्हाला विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं, आजोबा."

"इचारलं व्हतंस."

"पंधरा दिवसांत प्रबंध द्यायचाय मला. आख्खं प्रकरण त्यावर आहे!" तिचा आवाज चिरकला. मग जे म्हणाली ते धाकलूला जास्त लागलं. "आणि हे करायची गरजच नव्हती. बाहेर राहून आलेल्या माणसांचीही वेगळी यादी असते आमच्याकडं. तुम्ही खरं सांगितलं असतं तर तुम्हाला त्या यादीत घेतलं असतं. तुम्हाला बोलू नका कोण म्हणत होतं?"

म्हणजे पारावर दोघांनाही जागा होती. यानं उगाच एकाला ढकललं.

रियाच्या आईनं ताटलीत फुगलेली पोळी आणि तूप ठेवलं. धाकलूनं ती नमस्कार करून बाजूला सारली. रियानं गॅलरीत जाऊन मॅडमना फोन लावला, बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण हातात कागद होता. ते प्रकरण काढायचं. धाकलूचं बोलणं दुसऱ्या यादीत घालायचं. करवंद्यातून गाव न सोडलेला माणूस नव्यानं शोधायचा.

"धाऊ हाय की."

"तुम्हीच म्हणाला होतात, ते बोलत नाहीत."

"मी बोलू दिलं नाय," धाकलू म्हणाला.

रियानं त्याचा जुना कागद काढला आणि शून्य खोडलं. अकरा लिहिलं, मुलुंड लिहिलं. पेन्सिल पुढच्या ओळीवर थांबली. "तिथला व्यवसायही लिहावा लागतो. नको असेल तर तुमचं नाव काढून टाकते, नुसतं 'एक वक्ता' म्हणेन."

धाकलूनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "नाव राहू दे. घरगडी लिव."

घरी येऊन त्यानं इंदूबाईलाही सांगून टाकलं. वाटलं होतं, ती डोक्याला हात लावील. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. "अवो, मला पयल्या वर्षापासनं ठाऊक हाय. कंपनीतल्या मानसाच्या सदऱ्याला हिंगाचा वास येतो व्हय?"

"मंग बोलली का नाय गं कधी?"

"तुमी बोलू देता का कुनाला?"

आता धाऊ. रियानं त्याला विचारलं तर तो म्हणाला, "म्हशीला कोन बघंल? वालात माकडं येतात."

"मी बघतो," धाकलू म्हणाला.

"तुला जमंल?"

एवढंच विचारलं. ही आता मला का बोलवतेय, तुझं काय झालं, काही नाही. धाकलूला सांगायचं होतं, मी सगळं कबूल करून आलोय रं. पण रियानं आधीच बजावलं होतं, बैठका संपेपर्यंत धाऊ आजोबांना काही शिकवायचं नाही, जवळपास फिरकायचं नाही, दुसऱ्याच्या बोलण्याला आपलं ठिगळ लावायचं नाही. म्हणून धाकलूनं जीभ चावली आणि म्हशीचं दावं हातात घेतलं.

तीन दिवस तो वालाच्या शेतात बसला. माकडं यायची, तो पत्र्याचा डबा बडवायचा. मधल्या वेळात म्हशीला गोष्ट सांगून बघितली. म्हैसही मधूनच उठून चालू पडली. बांधावरून धाऊची ओटी दिसायची, ऐकू काही यायचं नाही. पहिल्या दिवशी धाऊ खांबासारखा बसलेला. रियाही गप्प. दुसऱ्या दिवशी त्याची मान हलताना दिसली. तिसऱ्या दिवशी धाऊनं हात वर केला, आडवा फिरवला, काहीतरी केवढं होतं ते दाखवलं. बोलताना धाऊचा हात हलतो, हे धाकलूला चौऱ्याहत्तर वर्षांत ठाऊक नव्हतं. काय केवढं होतं? पूर? भाताची उडवी? खोपोलीचा कारखाना? आपण कधी विचारलंच नाही. डबा हातात तसाच राहिला आणि माकडांनी एक वाफा साफ केला.

संध्याकाळी रिया बांधावर आली. अजून ती पूर्वीसारखी हसत नव्हती, पण चेहरा उजळला होता.

"किती बोलतात हो ते! फक्त थांबावं लागतं. आणि ठाऊक नसलं तर सरळ ठाऊक नाही म्हणतात. लाटण्याचं चित्र दाखवलं तर म्हणाले, ठाऊक नाय, आमच्यात कुठं व्हतं, भाकर हातावर थापायची. तो रकाना मी रिकामा ठेवलाय. तेच खरं उत्तर आहे."

धाकलूनं मान हलवली.

"एक विचारू? सहाव्या रकान्याला ते म्हणाले, एक दिवस. आयुष्यात एकच दिवस बाहेर, मुलुंडला तांदूळ द्यायला. मी विचारलं, कुणाकडं गेला होता? तर म्हणाले, ठाऊक नाय. मी म्हटलं, आजोबा, धाकलू आजोबांनी मला सगळं सांगितलंय." रिया थांबली. "तर म्हणतात, त्यो बोलतो लय, त्याचं मनावर घेऊ नको. कंपनीत व्हता त्यो."

रिया स्कूटीकडं गेली. उन्हं डोंगरामागं उतरत होती. धाऊ ओटीवरून उठून सावकाश शेताकडं आला. लुटलेल्या वाफ्याकडं त्यानं बघितलं.

"पानी दावलंस का म्हशीला?"

"दावलं."

"मंग सोड दावं. जा घरी. इंदू वाट बघत आसंल."

धाऊनं हात पुढं केला होता, पण धाकलूच्यानं दावं सोडवेना. तो ते घट्ट धरून म्हशीशेजारी उभा राहिला. शेवटी म्हणाला, "धाऊ, तू आज हात असा करून काय सांगत व्हतास रं तिला? केवढं व्हतं?"

धाऊ विचार करू लागला. धाकलू थांबला.